पाणी मागत पाहिलेलं बडोदं

वन्सं, काल मी एकटीच भायलीला जाऊन आले. तुमच्याच लुनावरून. नणंद जाऊन अजून वीस दिवस झाले नाहीत आणि ही बाई नवीन सोसायट्या बघत हिंडते, असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. घरात बसवेना. भिंतीवरच्या फोटोतून तुम्ही अशा बघत होता, जणू आत्ता म्हणाल, "अगं, रविवार ना आज? मग बसलीस काय?" चार वाजले, चहा घेतला, किल्ली उचलली.

भायलीत अजून फारसं काही नाही. शेतं आहेत, शेतांत पाट्या आहेत आणि पाट्यांवर पोहण्याचे तलाव आहेत. एका पाटीच्या खांबाला म्हैस बांधली होती. डांबरी रस्ता संपतो तिथं दहा-बारा घरं उभी आहेत, त्यांतल्या एकाच घराच्या दोरीवर कपडे वाळत होते. मी बेल वाजवली आणि तुम्ही मागायचात तस्संच मागितलं, "बेन, जरा पाणी मळशे?" बाईनं जाळीचं दार वीतभर उघडून पेला बाहेर दिला आणि रिकामा पेला परत मिळेपर्यंत कडीवरचा हात काढला नाही. पाणी मात्र गार होतं. तुम्ही असतात तर लुनावर बसता बसता निकाल दिला असतात, "दहापैकी चार. दोन पाण्याचे, दोन तिच्या भीतीचे. एकटी असते बिचारी दिवसभर."

तुम्ही चित्रकला किती वर्षं शिकवलीत, कुठल्या मुलीला कुठलं बक्षीस मिळालं, आजोबा संस्थानच्या कचेरीत कोण होते, ते सगळं शोकसभेत सांगून झालं. दोघीतिघींनी तर कागदावरून वाचलं. मला त्यात पडायचं नाही. मला एकच गोष्ट रुतून बसली आहे. तुम्ही मला लुनाच्या मागं बसवून सगळं बडोदं दाखवलंत आणि प्रत्येक वस्तीत विचारलंत, "इथं फावेल तुला?" आणि शेवटी माझ्या पसंतीनं आपण समाला राहायला गेलो, तुम्ही जन्मापासूनचा दांडिया बाजार सोडून आमच्यामागं आलात, तर तुम्हाला इथं फावलं का, हे मी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही. एकदाही नाही हो. लाज वाटते लिहिताना.

आता तो शब्द आलाच आहे तर त्याच्यामागचं पापही सांगून टाकते.

साताऱ्याहून लग्न होऊन आले त्याला चार दिवस झाले होते. दांडिया बाजारातल्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्या, स्वैपाकघराला खिडकी नाही, नळ खाली सगळ्यांचा मिळून एक. मी घामाघूम होऊन पिठाचा डबा शोधत होते. तुम्ही शाळेतून आलात आणि चपला काढता काढता, शेजारच्या दोन बायका बसलेल्या असताना, मोठ्यानं विचारलंत, "काय शैला, फावलं का?"

आमच्या साताऱ्याकडं 'फावलं' कुणाला म्हणतात, ठाऊक आहे? लबाडाला आयती संधी मिळाली की म्हणतात, 'फावलं बघ बेट्याचं.' मांजराला दुधाचं पातेलं उघडं सापडलं की त्याचं फावतं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, ह्यांच्या भावाशी लग्न केलं म्हणजे मी काय डल्ला मारला? फणकाऱ्यानं म्हणाले, "माझं काय फावायचंय? फावलंय ते तुमचं सगळ्यांचं!"

शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. तुम्ही मात्र जवळ आलात, माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि हळू आवाजात म्हणालात, "खरंय गं. आम्ही इथलेच. आम्हाला कसं कळणार?" मला वाटलं, हा तर आणखीनच मुरलेला टोमणा! संध्याकाळी एसटीडी बूथवरून आईला सांगितलं, "आई, नणंद पाठीवरून हात फिरवून बोचकारते." आई म्हणाली, "असल्याच वाईट. तोंडावर बोलणाऱ्या परवडल्या."

आणि त्या रविवारी तुम्ही लुना काढलीत. म्हणालात, "चल. दांडिया बाजार नाही फावत तर नाही फावत. बडोदं काय एवढंच आहे? तुला कुठं फावतं ते शोधू." मी मुकाट्यानं मागं बसले. म्हटलं, बघू तरी हिचा डाव काय आहे.

डाव कळायला मला तीन महिने लागले. जिन्याखाली भाजीवाली बसायची, ती नव्यानं राहायला आलेल्या एका गुजराती बाईला विचारत होती, "फावी गयुं, बेन?" आणि ती हसून म्हणाली, "हा, फावी गयुं." माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, ती तशीच राहिली. विचारलं तेव्हा कळलं की गुजरातीत फावणं म्हणजे मानवणं, रुळणं, अंगवळणी पडणं. तुम्ही मला विचारलं होतंत, करमतंय का पोरी? आणि माझ्या आगपाखडीचा तुम्ही काढलेला अर्थ होता, 'मला कुठलं करमायला, तुम्हा सगळ्यांना करमतंय.' अगं बाई! तुमचं ते बडोद्याचं मराठी! घरात कसं अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायचात, आणि मध्येच भाकरीत खडा यावा तसा एक गुजराती शब्द. भावजयीचा दात पडला तरी तुम्हाला पत्ता नाही.

तेव्हाच हसून सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं तर तुम्ही 'हात्तिच्या' म्हणून लुना कोपऱ्यात लावाल अशी मला भीती वाटली. तोवर मला ते रविवार हवेसे झाले होते.

काय हिंडलो हो आपण! ओव्हरब्रिज आला की तुम्ही ओरडायचात, "शैला, उतर! लुनाला दम लागतो." मग तुम्ही फटफट करत वर, आणि मी साडी सावरत मागून चालत, सायकलवाले हसतायत. वर पोचल्यावर तुम्ही अशा थांबलेल्या असायचात, जणू मीच उशीर केला. एकदा मी म्हटलं, "वन्सं, लुनाला नाही, तुम्हाला माझं वजन झेपत नाही." तुम्ही म्हणालात, "आधी ते वन्सं म्हणणं सोड. मी काय नऊवारीतली आहे? ताई म्हण." मी सोडलं नाही. साताऱ्यातून एवढी एकच वस्तू मी मोडतोड न होता आणली होती.

अलकापुरीत तुम्ही मुद्दाम सगळ्यात मोठ्या फाटकापुढं थांबलात. पाणी मागितल्यावर वॉचमननं आत विचारायला जायचे कष्ट न घेता बागेतल्या नळीचं तोंड आपल्याकडं वळवलं. मी लाल झाले. तुम्ही ओंजळ धरून चांगलं घोटभर प्यायलात, पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "झाडांना देतात तेच दिलं. म्हणजे आपल्याला झाडांत धरलं, वाईट काय?" मार्क मात्र दिलेत दोन. पुढच्या वर्षी गेलो तर तो बंगला पाडून तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स उभं राहत होतं. तुम्ही कितीतरी वेळ बघत उभ्या होतात. मला वाटलं वाईट वाटलं असेल, तर म्हणालात, "आता इथं पाणी कोण देईल बरं?" तुम्हाला कशाचं कुतूहल वाटेल, काही नेम नव्हता.

मांजलपूरला आपण सॅम्पल हाउस बघितलं. प्लास्टिक न काढलेला सोफा, प्लास्टिकची सफरचंदं, भिंतीवर धबधबा. दाखवणारा माणूस "मेडम, मेडम" करत पुढं पळत होता आणि तुम्ही सरळ त्या पलंगावर आडव्या झालात! चप्पल खाली, पर्स पोटावर. म्हणालात, "ऊन कुठून येतं ते झोपूनच कळतं." तो बिचारा गोंधळून म्हणाला, "तो बुकिंग करी दउं?" तुम्ही उठून पदर नीट केलात. "पहेलां मारी भाभीने फाववुं जोईए." मी दाराआड तोंड फिरवून उभी राहिले. आधी भाभीला फावायला हवं, म्हणे! तो शब्द निघाला की मला तुमच्याकडं बघवत नसे.

बाजव्याच्या कारखान्यात तुमचे बंधुराज, म्हणजे आमचे हे, नोकरीला, म्हणून तिकडंही बघून आलो. रिफायनरीचा वास माझ्या डोक्यात गेला. पाणी देणाऱ्या बाईला मी नाक दाबूनच विचारलं, वासाचं कसं काय करता म्हणून. ती म्हणाली, कसला वास? मग आठवून म्हणाली, हां, माहेराहून परत आलं की दोन दिवस येतो, मग जातो. तुम्ही परतीच्या वाटेवर छाणीपाशी आल्यावर एकदम मान मागं वळवून विचारलंत, "शैला, तू नवीन आलीस तेव्हा आपल्या दांडिया बाजाराला कसला वास यायचा गं? आम्हाला तो कधी कळणारच नाही." मी म्हटलं, पुढं बघा आधी, ट्रक येतोय. उत्तर मला माहीत होतं. तळलेल्या शेवेचा, ओल्या तागाच्या पोत्याचा आणि देवळातल्या निर्माल्याचा. सांगायचं राहिलं, ते आता सांगते.

गोत्रीच्या पुढं तेव्हा सोसायटी म्हणजे एक कमान आणि आत गवत. चाळीस घरांत तीनच कुटुंबं राहायला आलेली. तिथल्या बाईनं पाणी दिलं, मग सरबत दिलं, मग पुन्हा पाणी दिलं, मग फ्रीज उघडून दाखवला. आपण उठलो की ती काहीतरी नवीन काढायची. शेवटी फाटकाशी आली आणि रडायलाच लागली. "अहीं कोई आवतुं नथी, बेन." इथं कुणी येतच नाही म्हणे. तुम्ही तिला दहापैकी दहा दिलेत आणि मला म्हणालात, "इथं मात्र तुला ठेवायची नाही." दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसं ते बडोदं. पेपरात जाहिरात बघावी तर नंदनवन, आत जाऊन पाणी मागावं तर कुणीतरी रडत असतं.

आणि प्रतापनगर. ते तुमचं लाडकं. रेल्वे क्वार्टर्सच्या मागं शाळेत तुमच्याबरोबर शिकवणाऱ्या मैत्रिणीचं, हंसाबेनचं, बैठं घर. त्यांचे यजमान वर्कशॉपमध्ये. भोंगा झाला की रस्ताभर सायकली, प्रत्येक हँडलला डबा, आणि हंसाबेन ओट्यावर उभ्या राहून ज्याला त्याला नावानं हाक मारून बायकोची तब्येत विचारणार. तिथं पाणी मागावं लागत नसे. तांब्याभांडं समोर यायचंच, वर मेथीचे थेपले आणि लोणचं. तुम्ही तिथं गेलात की वेगळ्याच दिसायचात. पाय वर घेऊन बसायचात. मला म्हणायचात, "बघ हं, प्रतापनगर. इथं कुणाला बेल नाही, दारं उघडी." मी म्हणायचे, दारं उघडी म्हणून डभोईच्या छोट्या गाडीचा सगळा धूर घरात येतो, आणि एवढ्या माणसांना रोज तब्येत सांगायची म्हणजे मी आजारीच पडेन. आपलं भांडण जुंपायचं ते पुलापर्यंत. पुलावर मी उतरायचे, म्हणून थांबायचं.

दुसरं भांडण बडोदं संपतं कुठं ह्याचं. तुमचं म्हणणं, बडोदं जुन्या शहराच्या मधल्या मांडवीपासून मोजायचं आणि पत्त्यात 'गाम' आलं की संपलं. माझं म्हणणं साधं होतं. जिथले लोक घरातून निघताना 'बडोद्याला जाऊन येतो' म्हणतात, ते बडोद्याबाहेर. ह्यावर तुम्ही विचारात पडलात आणि मग आपण तेही विचारायला लागलो. पाणी पिऊन झालं की तुम्ही विचारायचात, "बजारमां जवुं होय तो शुं कहीने नीकळो?" म्हणजे बाजाराला निघताना घरात काय सांगता? बायका चमकायच्या. कुणी म्हणायची 'शहेरमां', कुणी 'गाममां', कुणी 'मांडवी'. नक्की सीमा काही सापडली नाही. आपण जाऊन येईपर्यंत ती पुढं सरकलेली असायची.

समा मला कशामुळं आवडलं, ते तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. तुम्हाला वाटायचं, मोकळी हवा आणि गच्ची. हवा कुठं नसते? त्या दिवशी आपण टेनामेंटच्या, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या, ओळीतल्या तिसऱ्या घराची बेल वाजवली. बाई म्हणाली, आज माठ भरला नाही, थांबा. आणि शेजारच्या घरात शिरली. बेल नाही, हाक नाही, चप्पल काढून थेट त्यांच्या स्वैपाकघरात. त्यांच्या पेल्यांतून त्यांचं पाणी घेऊन आली. मागून त्या घरातली बाई ओरडली, "ढांकणुं पाछुं मूकजे!" एवढंच. झाकण परत ठेव. माझं तिथंच ठरलं. जिथं दुसऱ्याच्या स्वैपाकघरात न विचारता जाता येतं, तिथं मी राहीन म्हटलं. तुम्ही मार्क किती दिलेत, आठवत नाही. तुम्ही नेहमीचा प्रश्न विचारलात, मी हो म्हटलं. तुम्ही लगेच "बास तर" म्हणून लुनाला लाथ मारलीत. दोन दिवसांनी तुम्ही माझ्याआधी बंधुराजांना पटवलं होतंत.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत तुम्ही काय केलंत? रोज शाळेला निघताना, आणि रिटायर झाल्यावर रोज कारण काढून, पिशवी खांद्याला लावायचात आणि म्हणायचात, "शैला, मी गावात जाऊन येते." गावात! म्हणजे माझ्याच कसोटीनं तुम्ही समा बडोद्याबाहेर काढलंत. दर वेळी तो शब्द माझ्या कानाला टोचायचा. वाटायचं, ह्यांचा जीव अजून तिकडंच आहे, आपण ह्यांना उपटून आणलं. विचारावं, तर उत्तर नको असायचं मला. तुम्ही 'नाही फावलं' म्हणाला असतात तर मी काय करणार होते? घर परत देणार होते? म्हणून मी दळणाचं विचारायचे, औषधाचं विचारायचे, छत्री घेतली का ते विचारायचे.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्हाला बोलायला धाप लागायची, तरी विचारलंत, "वासणा रोडच्या पुढं आता काय झालंय गं?" मी म्हटलं, भायलीपर्यंत पाट्या गेल्यात. तुमचे डोळे चमकले. "बघून ये. पाणी कसं देतात सांग." तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. वन्सं, तुम्हाला समा... एवढ्यात नर्स थर्मामीटर घेऊन आली. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तुम्ही गेलात.

आज लिहायला बसले ते हंसाबेनमुळं. सकाळी आल्या. पायऱ्या चढून धापा टाकत होत्या, मी पाणी दिलं, त्यांनी ते हातातच धरून ठेवलं. तुमच्या फोटोकडं बघून घेतलं. मग म्हणाल्या, "शैलाबेन, एक वात पेटमां राखी छे. कही दउं?" एक गोष्ट पोटात ठेवली होती म्हणे, सांगून टाकू का?

तुम्ही समाला येणार नव्हतात म्हणे!

सगळं ठरलं होतं तुमचं. नवराबायकोला त्यांचं त्यांचं घर असावं, ह्या वयात नणंद डोक्यावर कशाला, असं म्हणून तुम्ही हंसाबेनच्या मागच्या खोलीत राहायला जाणार होतात. प्रतापनगरला. त्यांनी खोलीला चुना लावून घेतला, खाट टाकली. त्या खिडकीसाठी पडदासुद्धा तुम्ही शिवून नेऊन दिला होतात. फक्त आम्हाला सांगायचं बाकी होतं. सामान हलवायच्या दिवशी, टेम्पो भरला की सांगू, म्हणजे शैलाला रडारड करायला वेळ मिळणार नाही, असा तुमचा बेत होता. वा रे वा, वन्सं! मला रस्त्यावर आडवी उभी राहायलासुद्धा वेळ ठेवला नव्हतात.

मी म्हटलं, "मग? आल्या का नाहीत तुमच्याकडं?"

हंसाबेन म्हणाल्या, सामान हलवल्याच्या दुसऱ्या दिवशी कुसुम (त्यांच्या तोंडी तुम्ही कुसुमच) शाळेत आली ती हसतच. मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणाली, "हंसा, माफ कर, नहीं अवाय. भाभीए मारी पेटी सौथी पहेलां मूकी दीधी. पूछ्युंये नहीं." यायला नाही जमणार, भाभीनं माझी पेटी सगळ्यांत आधी टेम्पोत ठेवली. विचारलंसुद्धा नाही. आणि एवढं सांगून स्टाफरूमच्या कोपऱ्यात पदर डोळ्यांना लावून बसली.

मी विचारलं, "मग इथं त्यांना फावलं का हो?" अखेर विचारलं, पण तुम्हाला नाही. हंसाबेन हसायला लागल्या. म्हणाल्या, दर वर्षी मी विचारायची. ती म्हणायची, बस नाही फावत, पाणी नाही फावत, रिक्षावाले नाही फावत, आणि भाभी दुपारी टीव्ही फार मोठा लावते ते तर मुळीच नाही फावत. मी म्हणायची, खोली अजून रिकामी आहे, ये. तर म्हणायची, छे, घर सोडून कुठं जाऊ?

घर म्हणालात तुम्ही ह्याला. तोंडावर एकदा म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं हो! मी नऊ वर्षं जीव खाल्ला स्वतःचा. 'गावात जाऊन येते' म्हणे. परत यायचं म्हणूनच ना 'येते' म्हणायचात? एवढं साधं मला कळू नये! रडू आलं, आणि रागही आला तुमचा, मनापासून.

आता माझं ऐका. त्या दिवसाचं मला लख्ख आठवतंय. टेम्पोवाला खालून बोंबलत होता, "भारे सामान पहेलां! भारे सामान पहेलां!" घरातली सगळ्यात जड वस्तू तुमची पेटी. रंगांच्या बाटल्या, मुलींची चित्रं, आणखी काय काय दगडधोंडे. मी दोन हमालांना म्हटलं, ती उचला आधी. बस्स, एवढंच झालं. त्यात माया नव्हती, मोठं मन नव्हतं, घाई होती. तुम्ही कोपऱ्यात डोळे पुसत होता ते मी बघितलंसुद्धा, आणि धूळ गेली असेल म्हणून ओला रुमाल दिला.

मी एक बोलले, तुम्ही भलतंच समजलात. मी एक केलं, तुम्ही भलतंच समजलात. दोन्ही वेळा, एकदा कळून आणि एकदा न कळून, मी तुम्हाला दुरुस्त केलं नाही, आणि दोन्ही वेळा पदरात काय पडलं ते बघा. पण वन्सं, एक मात्र खरं. त्या दिवशी टेम्पोत काय आधी चढवायचं हा प्रश्न माझ्यापुढं होता. तुम्ही येणार की नाही, हा नव्हताच. तो मला सुचलाच नाही. तुम्ही त्याला माया म्हणालात, तर असेल. तुमचे चित्रकलेचे डोळे, तुम्हाला दिसत असेल.

जाताना हंसाबेननी पिशवीतून तो पडदा काढून माझ्या हातात दिला. फिक्का पिवळा, खाली तुमच्या हातची निळी कशिद्याची वेल. इतकी वर्षं घडी घालून ठेवला होता त्यांनी. त्या गेल्यावर मी तो तुमच्या खोलीच्या खिडकीला लावला. प्रतापनगरच्या मापाचा, इथं वीतभर आखूड होतो. दुपारी तुमचे बंधुराज आले, दारात थांबले, म्हणाले, "हा कुठला पडदा?"

मी सांगितलं. प्रतापनगर, खोली, चुना, खाट, सगळं. ते तुमच्या पलंगाच्या कडेला बसले. बराच वेळ वेलीवरून बोट फिरवत राहिले. मग लहान मुलानं विचारावं तसं विचारलं, "सगळं ठरलं होतं, तर मग ताई गेली का नाही?"

मी म्हटलं, "मी विचारलंच नाही म्हणून."